मशीन लागली

‘बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टीमार्गे...’ एवढं बोलून झालं आणि पुढचं ‘अहेरी’ उर्वशीच्या तोंडातून बाहेर येईना. चौकशीच्या खिडकीत बसून रोज उच्चारलेला शब्द, झोपेतसुद्धा बरोबर पडावा असा, आणि तो घशाशी येऊन आडवा झाला. अंगठा माइकच्या बटणावर दाबलेलाच राहिला, त्यामुळे चंद्रपूरच्या सगळ्या बसस्थानकाने तिचा श्वास ऐकला. भोंग्यांमधून आधी बारीक शिट्टी आली, मग घरघर, मग काहीच नाही, मग पुन्हा शिट्टी. रसाच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या लोकांनी वर पाहिलं. “भोंगा बिगडला वाट्टे,” कोणीतरी म्हणालं असावं, कारण दोघं-तिघं हसले. उर्वशीला ते हसू काचेतून दिसलं. तिला त्या माणसांचा राग आला नाही, लाज वाटली. इतकी वर्षं सासरपासून, कचेरीपासून, नवऱ्याच्याही अर्ध्या नजरेपासून लपवलेला दमा आज भोंग्यावरून गावाला सांगितला गेला होता. झाकली मूठ म्हणतात ती अशी उघडली. पंप काढायला तिने पर्सकडे हात नेला तर पर्सच खाली पडली, आणि ती उचलायला वाकल्यावर जे काही थोडं आत येत होतं तेही यायचं थांबलं.

आता दवाखान्यात तिच्या तोंडावर मास्क होता. नाकाच्या दांडीपासून हनुवटीपर्यंत, कडेने रबराची जाड किनार, डोक्यामागून दोन पट्टे ओढून घट्ट बसवलेले. मास्कला एक लांब घड्यांची नळी आणि नळीच्या टोकाला खाटेशेजारच्या स्टँडवर एक डबा, दूरदर्शनच्या जुन्या सेटटॉप बॉक्सपेक्षा थोडा मोठा. एवढ्याशा डब्यातून वारा येत होता, आणि तोही साधा नाही. ती श्वास ओढायला लागली रे लागली की डबा ओळखायचा आणि हवा तोंडात ढकलायचा. गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलेल्या लेकराला जसा वारा तोंडावर बसतो आणि क्षणभर श्वासच घेता येत नाही, तसं. पहिल्या फेरीतच तिने दोन्ही हातांनी मास्क उपटला होता. दुसऱ्या फेरीत सोमारी सिस्टरने तिचे हात धरून ठेवले. हवा हवी म्हणून तडफडणाऱ्या बाईच्या तोंडात हवा घालावी आणि तिने ती थुंकून टाकावी, असला हा प्रकार होता, आणि उर्वशीला स्वतःचंच आश्चर्य वाटत होतं. कपाळावर घाम, ओठ कोरडे, आणि छातीत कोणीतरी ओला गोणपाट कोंबलेला. बाहेर दुपार असावी. दवाखान्याच्या त्या मोठ्या खोलीत दुपार फक्त पडद्याच्या फटीतून कळत होती.

मशीन हा शब्द डॉक्टर दिव्यानीने काढला, आणि तिचं चुकलं असेल तर एवढंच. वाफ देऊन झाली, शिरेतून इंजेक्शनं झाली, छाती मोकळी होईना, तेव्हा ती उर्वशीच्या नवऱ्याला, अजयला म्हणाली, “मशीन लावू या.” पुण्यामुंबईच्या माणसाला त्यात काही वाटलं नसतं. पण अजयच्या शेजारी त्याची आई उभी होती, ठमाबाई, आणि ठमाबाई ब्रह्मपुरीकडच्या खेड्यातली. त्या खेड्यात कोरोनाच्या साली शहरात नेलेल्या माणसांच्या घरी फोन यायचे. पहिला फोन, ऑक्सिजन लागला. दुसरा, मशीन लागली. तिसऱ्या फोनची कोणी वाट पाहिली नाही, कारण तिसऱ्यात काय असतं ते गावाला दुसऱ्यातच कळलेलं असायचं. ‘अमक्याले मशीन लागली’ एवढं कानावर आलं की शेजारच्या बाया चुलीवरचा भात उतरवून ठेवायच्या. पुढे कोरोना गेला, शब्द मात्र राहिला. अजूनही तिथे कोणी फार म्हातारं झालं, कोणाची बैलजोडी थकली, तरी लोक गमतीने म्हणतात, याले आता मशीन लागली. गंमत करणाऱ्यांचं कोणी गेलेलं नसतं. ठमाबाईचा थोरला, प्रणित, गेला होता. दिव्यानीच्या तोंडून तो शब्द पडला तशी म्हातारी जिथे उभी होती तिथेच फरशीवर बसली. दिव्यानी समजावत होती, ही ती मशीन नाही, यात नळी नाही, घशात काही जात नाही, श्वास त्यांचा त्यांनीच घ्यायचा, हा डबा फक्त हातभार लावतो. अजय मान हलवत होता. ऐकू न येणारी माणसं हलवतात तशी.

उर्वशीला मात्र त्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द लागला, आणि तो मशीन नव्हता. दिव्यानी पुढे म्हणाली होती, “यांनी मास्क सहन केला तर बरं. नाहीतर मग नळी टाकावी लागेल.” नळी. घशातून. ती आठ-नऊ वर्षांची असेल तेव्हा तिचे बाबा, देवाजी, तिला बल्लारशाहून गाडीत बसवून हैदराबादला घेऊन गेले होते, मृगाच्या दिवशी. बाबा बांबूच्या डेपोत हमाल, त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की तिथे दम्यावर जिवंत मासा देतात. मैदानात ही गर्दी, साऱ्या मुलखाची धापा टाकणारी माणसं एका जागी गोळा झालेली, म्हातारे, पोरं, खांद्यावरची तान्ही, आणि प्रत्येकाच्या हातात पाण्याची पिशवी आणि पिशवीत बोटभर मरळ. ओळ सरकत होती. मग कोणा माणसाने तिचं नाक चिमटीत धरलं, तोंड उघडलं की त्याची बोटं मागेपर्यंत गेली, आणि घशात काहीतरी गार, बुळबुळीत, जिवंत वळवळलं. “गिळ, बेटा, गिळ,” बाबा म्हणत होते, “जीव हाये त्याच्यात, तो आतून रस्ता करत जाते.” तिने गिळलं. ते वळवळत खाली गेलेलं तिला नुसतं आठवत नाही, ते अजून जातं. त्यानंतर ती दात घासताना ब्रश मागच्या दाढांपर्यंत नेत नाही, गोळी कुटून घेते, कोणी घसा तपासायला चमचा पुढे केला तर उठून चालू पडते. रस्ता काही झाला नाही. बाबांनी तीन मृग केले आणि मग दमा ही पोरीच्या नशिबातली गोष्ट म्हणून सोडून दिली, आणि ती मोठी झाल्यावर, लग्न ठरताना, पाहुण्यांना सांगितलं, पोरीले काई नाई, थंडीत जराशी सर्दी होते.

ती ‘जराशी सर्दी’ तिने पदरात बांधून आणली. पंप न्हाणीघरात जाऊन घ्यायचा, आधी नळ सोडायचा, मग पंप. कारण ठमाबाईचं ठाम मत, एकदा पंप लागला का मानूस पंपाचाच झाला, मंग तो सुटत नाई. दिव्यानीसारख्या दहा डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोजचा पंप रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी घ्यायचा. पण बरं वाटत असताना नळ सोडून चोरासारखं उभं राहायचं कशाला, म्हणून तिने पंधरवडाभर तो घेतलाच नव्हता. तेवढ्यात मोहाचे दिवस आले. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून जंगलात झाडाखालचा पाला जाळतात, तो धूर संध्याकाळी गावावर उतरून बसतो, आणि त्यात रस्त्यावरच्या ट्रकांची कोळशाची भुकटी. सकाळी खिडकीतल्या टेबलावर बोट फिरवलं तर बोट काळं. आवाज बसलाय म्हणून ती ज्येष्ठमध चघळत होती. आपलाच गाढवपणा, दुसरं काय. पण गाढवपणाची शिक्षा एवढी मोठी असावी असं तिला काही वाटेना.

पडद्यापलीकडे अजय बोलत होता. “नळी नाई, मॅडम. काई झालं तरी नळी नाई. माह्या भावाले टाकली होती.”

“तुमच्या भावाचा आजार वेगळा होता, अजयभाऊ. हा दमा आहे. नळी लागली तरी दोन-तीन दिवसांत निघते.”

“त्याहीनं बी असंच सांगतलं होतं.”

दिव्यानी म्हणाली, “ठीक. मग मास्कवरच निभावलं पाहिजे. तुम्ही देवाला सांगा, मी त्यांना सांगते.”

उर्वशीला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस तिच्या मनातलं कधी ओळखत नव्हता, पोहे हवेत की उपमा हेसुद्धा नाही, आणि आज पडद्याआडून त्याने तिच्या मनातलं अक्षर न् अक्षर बोलून दाखवलं होतं. नळी नाही. काही झालं तरी नाही. आता फक्त मास्क सहन करायचा. दिव्यानी आत आली, खाटेच्या कडेला बसली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून हळू बोलायला लागली. “त्याच्याशी भांडू नका. तुम्ही ओढा, तो देईल. सोडताना घाई करू नका, सगळी हवा बाहेर जाऊ द्या, तो थांबतो तुमच्यासाठी.” उर्वशीने ओढलं. डब्याने दिलं. सोडताना तिला वाटलं आता हा मध्येच पुन्हा घुसणार, पण तो खरंच थांबला. पुन्हा ओढलं. सासरी नवीन असताना एकदा ती जात्यावर डाळ भरडत बसली होती, एकटी, हात भरून आलेले, आणि काही न बोलता ठमाबाई समोर येऊन बसली आणि तिने खुंट्याला हात लावला होता. जातं एकदम हलकं झालं. दळायचं आपल्यालाच असतं, नुसता दुसरीचा हात लागलेला असतो. तसं काहीतरी घडत होतं. छातीतल्या गोणपाटाची एक कड सुटली. तिने स्वतःहून हात मांडीवर ठेवले, आणि सोमारी सिस्टर म्हणाली, “हां, आता जमलं पहा, बाई.” त्या एका वाक्याने तिला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

मग तहान लागली. ही गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. तो वारा अखंड तोंडात शिरत होता आणि जीभ टाळूला चिकटवून ठेवत होता. आधी ओठ सुकले, मग जीभ, मग घसा असा सुकला की गिळायला गेलं तर आत काहीतरी फाटेल असं वाटावं. तिने एरवी ज्या पाण्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ते सगळं पाणी आठवायला लागलं. बसस्थानकाच्या पाणपोईचं क्लोरीनचा वास मारणारं पाणी, ड्रायव्हर लोकांनी खिडकीत विसरलेल्या बाटल्यांतलं कोमट पाणी, माहेरी अंगणातल्या रांजणाचं. श्वास आता बरा लागत होता, म्हणूनच तहान कळत होती. धाप असताना तहानेला सवड कुठे. तिने सोमारीकडे पाहून अंगठा तोंडाकडे नेला. सोमारीने मान हलवली. “पानी नाई. इथून पानी गेलं तं हवा त्याले छातीतच ढकलन.” मग दया येऊन तिने क्षणभर मास्कची खालची कड उचलली, ओल्या बोळ्याने तिचे ओठ पुसले आणि पुन्हा पट्टा आवळला. तो थेंबाचाही थेंब नव्हता. उर्वशीने पुन्हा अंगठा तोंडाकडे नेला. पुन्हा नेला. सोमारी दुसऱ्या खाटेकडे गेली तरी ती अंगठा दाखवतच राहिली, आणि दाराच्या काचेपलीकडे उभी राहून ठमाबाई ते पाहत होती.

प्रणितला शेवटी पाणी मिळालं नाही, हे ठमाबाईचं दुःख होतं. तो गेला हे तिने कधीतरी मान्य केलं असावं. माणसं जातात, तरणीताठीही जातात, तिने दोन लेकरं पाळण्यातच घालवली होती. पण तहानलेला गेला, हे तिच्या घशाखाली उतरलं नाही. शेवटच्या फोनवर तो मास्कमधून म्हणाला होता, माय, पानी देत नाईत वो हे. त्यानंतर त्याला नळी टाकली आणि मग नगरपालिकेच्या माणसांनी बांधलेली पिशवी लांबून दाखवली. तोंडात पाणी घालायला तोंडच मिळालं नाही. पुढे ती धाकट्याकडे चंद्रपुरात राहायला आली, आणि तेव्हापासून दारावर येणाऱ्या प्रत्येकाला आधी पाणी देत आली. पोस्टमनला, गॅसवाल्याला, झाडू विकणाऱ्या बाईला, एकदा तर वीज तोडायला आलेल्याला. “पी रे बापा, पी पयले, मंग तोड.” उर्वशी आणि अजय यावरून हसायचे. सासू-सुनेचं काही विळ्या-भोपळ्याचं नव्हतं, पण दुधात साखर होती असंही नाही. उर्वशी तिला मामी म्हणायची, एका घरात दोघी आपापल्या कामाला लागायच्या, आणि म्हातारीच्या मनात काय चाललं असतं हे जाणून घ्यायला उर्वशीला कधी फुरसत झाली नव्हती. आता भरपूर फुरसत होती. काचेपलीकडचा तो सुरकुतलेला चेहरा पाहताना तिला लख्ख कळलं की मामीने आपल्याला सोडलेलं आहे. मशीन लागली आणि माणसाने पाणी मागितलं. मामीच्या हिशेबाने आता एकच काम उरलं होतं.

भेटायची वेळ झाली तेव्हा एकालाच आत सोडत होते. अजय पुढे झाला, पण म्हातारीने त्याला बाजूला सारलं. “मले जाऊ दे आंधी.” ती आली, पायाशी उभी राहिली, सुनेचे पाय तिने पदराने पुसले. मग उशाशी आली. सोमारी समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचं बोंबलणं आवरत होती, तिची इकडे पाठ. ठमाबाईने कमरेच्या पिशवीतून पाण्याची छोटी बाटली काढली, झाकण भरलं. “घाबरू नोको वो माय,” ती कुजबुजली, “मी हावो नं इथी. तुले तशी नाई जाऊ देत मी.” तिची बोटं मास्कच्या कडेत शिरली.

उर्वशीने तिचा हात धरायला हवा होता. तिचे हात मोकळे होते, मांडीवर पडलेले, अंगात तेवढी ताकदही आली होती. सोमारी काय म्हणाली तेही तिला नीट आठवत होतं. हे सगळं तिला त्या क्षणी एकदम माहीत होतं, आणि त्याच क्षणी तिने तोंड उघडलं. झाकणातलं पाणी गार होतं. ते जिभेवर पसरलं आणि तिला वाटलं आपण जन्मात पहिल्यांदाच पाणी पितोय. “अजून?” मामीने विचारलं. उर्वशीने मान हलवली, हो. मामीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं ते इतकं सुखाचं होतं की तिने दुसरं झाकणही भरून घातलं, आणि मग समाधानाने मास्क होता तसा दाबून बसवला. डब्याने ओळखलं की बाई श्वास ओढतेय. त्याने आपलं काम केलं.

खोकला आला तो खोकला नव्हताच, आतून कोणीतरी सगळं उलटं करत होतं. डबा ओरडायला लागला, वरची आकड्यांची पेटी ओरडायला लागली. सोमारी धावत आली, तिने मास्क काढला, नळीने तोंडातलं ओढलं, उर्वशीला कुशीवर केलं. “पानी पाजलं? कोनं सांगतलं तुमाले पानी पाजाले?” ठमाबाई मागे सरत म्हणाली, “तिनंच मागतलं. माह्या पोरीनं तोंडानं पेलं, दोन खेप पेलं.” तिच्या आवाजात अपराध अजिबात नव्हता. सोमारीने तिला दंडाला धरून बाहेर काढलं, आणि ती निमूट गेली, काम उरकलेल्या माणसासारखी. मास्क पुन्हा बसला. पण लय मोडली होती. उर्वशी ओढायची, डबा द्यायचा, आणि आत गोणपाट पहिल्यापेक्षा ओला, पहिल्यापेक्षा घट्ट. दिव्यानी आली, औषधं वाढवली, आकडे वाढवले, छातीला कान लावून बराच वेळ ऐकत राहिली. तिने स्वतःच्या कपाळावरचा घाम पुसला तेव्हा उर्वशीला ते आवडलं नाही.

त्यानंतर काही वेळाने तिला बरं वाटायला लागलं. हे बरं वाटणं खोटं आहे हे तिला कळत होतं, पण खोटं असलं तरी गोड होतं. धाप होती तिथेच होती, फक्त ती दुसऱ्या कोणाची तरी असावी अशी लांब गेली. पापण्या जड झाल्या. सोमारी गालावर चापट मारायची, “झोपू नका, बाई, ओढा, ओढा,” की ती दोन श्वास ओढायची आणि पुन्हा सरकायची. हिवाळ्यात उशिरापर्यंत गोधडीत राहावं तसं वाटत होतं. पडद्यापलीकडे पुन्हा आवाज. दिव्यानी चिडून बोलत होती, थकत चालल्या आहेत, मास्कवर आता निभत नाही, वेळ घालवू नका. आणि अजय रडत होता. रडत रडत तेच सांगत होता, “नाई, मॅडम. तिले नळीचा लय धाक हाये, लहानपणापासून. मले मालूम हाये. शांतीनं जाऊ द्या तिले.”

शांतीनं. उर्वशी गोधडीतून अर्धी बाहेर आली. म्हणजे याला ठाऊक होतं. गोळ्या कुटताना, ब्रश धरताना हा पाहत होता, मनात ठेवत होता, आणि इतक्या वर्षांनी त्याने ते सगळं प्रेमाने बाहेर काढलं ते इथे, ह्या कामासाठी. एकीने पाणी पाजलं, एक शांतीने पाठवतोय. बाबांनी जिवंत मासा भरवला तोही मायेनेच. सगळ्यांनी तिच्यावर इतकी माया केली की तिला मरण्यावाचून दुसरं काही करायला जागाच ठेवली नव्हती. तिला राग आला. असा राग तिला कधी आला नव्हता, भोंग्याखाली हसणाऱ्यांचाही नाही. मला जगायचंय, ती मास्कमध्ये म्हणाली. वाऱ्याने शब्द तोंडातच मोडून टाकले. मला जगायचंय, कुठलाही धाक असू दे, घशात घाला, नाकात घाला, छाती फाडून घाला, मला विचारा ना कोणीतरी. तिने हात उचलला तर तो खाटेच्या कठड्यापर्यंत गेला आणि पडला. सोमारीला वाटलं ती पुन्हा मास्क ओढतेय. तिने तो हात प्रेमाने धरून दाबून ठेवला. आणि गोधडी परत वर यायला लागली, पायांपासून, ऊबदार, आणि उर्वशी घाबरली, कारण आता ती आत गेली असती तर पुन्हा बाहेर यायला राग शिल्लक नव्हता.

पडदा जोरात सरकला. दिव्यानी तिच्यावर वाकली, इतकी जवळ की तिच्या चष्म्याच्या काचेत उर्वशीला स्वतःचा मास्क दिसला. मागे दाराच्या काचेशी अजय आणि मामी, दोघांची तोंडं काचेला लागलेली. “उर्वशीताई, ऐका,” दिव्यानी मोठ्याने, सावकाश बोलली. “तुमच्या घरच्यांचं मी ऐकलं. आता तुम्ही सांगा, तुमचं तुम्ही. घशात नळी टाकू का? टाकताना झोपेचं औषध देईन, कळणार नाही. बोलू नका, मान हलवू नका, मला नीट समजलं पाहिजे. हो असेल तर डोळे मिटा आणि मी सांगेपर्यंत मिटूनच ठेवा. नको असेल तर माझ्याकडे बघत राहा.”

उर्वशीने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून अजयकडे पाहिलं. तो काचेवर हात ठेवून उभा होता, चांगला माणूस, साधा माणूस. मग तिने डोळे मिटले.

“सिस्टर, सामान घ्या,” दिव्यानी म्हणाली. ट्रॉलीची चाकं वाजली. कोणीतरी तिच्या मानेखालची उशी काढली. काचेपलीकडे शब्द पोचले नव्हते, नुसते मिटलेले डोळे दिसले, आणि ठमाबाईने हंबरडा फोडला. खेड्यातल्या बाया मयताच्या घरी फोडतात तसा, सुरात, शब्द लावून, इतकी वर्षं आत कोंडून ठेवलेला. “गेली वो माही सून गेलीऽऽ! पर पानी पिऊन गेली वो, माह्या हातचं पेली वो माय! माह्या प्रणितले थेंब नाई भेटला वोऽऽ, माह्या राजाचं तोंड नाई दिसलं वो मले...” त्यात मध्येच अजयचा आवाज मिसळला, फुटलेला, लेकरासारखा, आणि मग तो कोणाला तरी फोन लावून गावचं नाव घेत होता. उर्वशीला सगळं ऐकू येत होतं. डोळे उघडून एकदा त्यांच्याकडे पाहिलं असतं तर दोघंही गप्प झाले असते. पण डोळे उघडले म्हणजे नको. दंडात औषध गार गार चढत होतं, बाहेर तिच्या नावाचं रडणं टिपेला गेलं होतं, आणि तिने डोळे होते त्याहून घट्ट मिटून घेतले.